छावणीच्या काट्यावर माझं वजन

छावणीत शेण रोज भरलं जायचं, तरी ढीग कधी झाला ते कळायचं नाही. ट्रॅक्टर आला की मग सगळे म्हणायचे, "एवढं कधी साचलं?" किश्शांचंही तसंच होतं. छावणी उठून बरेच दिवस झाले, पण मांजरसुंब्याच्या चौकात चहाला दोघं-तिघं भेटलो की कुणीतरी माझ्या वजनाचा विषय काढतंच. मला चारचौघांत बोलता येत नाही. गोरखच सगळं सांगतो, आणि तिखट-मीठ लावून सांगतो. म्हणून जसं घडलं तसं मीच एकदा लिहून काढतोय.

दुष्काळात आमच्या गावच्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी चालवली. सव्वा वर्ष चालली. गावात चारा नव्हता, पाणी टँकरचं, त्यामुळं माणसं जनावरं घेऊन छावणीतच राहायला आली. मी चाऱ्याच्या काट्यावर होतो. मोठ्या जनावराला पंधरा किलो, लहानाला त्याच्या निम्मं. बसून करायचं काम म्हणून ते मला मिळालं. शाळा मी नववीत सोडली, कारण बाकावर मावत नव्हतो. ऊसतोडीला कुठला मुकादम मला नेत नव्हता, कारण वाकता येत नव्हतं.

*

मामानं मला आणि आईला औरंगाबादला डॉक्टरांकडं नेलं. खर्चाचं त्यानंच बघितलं, तो विषय इथं नको. डॉक्टर म्हणाले, जठर कापून लहान करावं लागेल. "पण आधी बारा किलो कमी करून या. असं तुम्हाला टेबलावर घेता येणार नाही." मग रिपोर्ट बघून म्हणाले की झोपेत माझा श्वास मधेमधे थांबतो. ते ऐकलं आणि आई उठून बाहेर गेली.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, ते माझ्याच अंगाचे होते. बेचाळिसाव्या वर्षी एक दिवस दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. बारा किलो उतरले तर ऑपरेशन, नाहीतर अण्णांची वाट. एवढं मला समजलं.

दवाखान्यात डायट सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांना दर सोमवारी फोनवर वजन कळवायचं होतं. आरोग्य केंद्रातला काटा एकशेवीसच्या पुढं जात नव्हता. मग मी चाऱ्याच्याच काट्यावर उभा राहिलो. चारा उतरवायला असलेला गोरख, माझ्याच वयाचा, त्यानं आकडा मोठ्यानं वाचला, "एकशे अठ्ठेचाळीस." मग बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "दहा मोठ्या जनावरांचा एका दिवसाचा चारा हाय बे तू."

रांगेत पुढं बप्पा उभे होते. सत्तरीचे, छावणीत दोन बैल घेऊन आलेले. ते म्हणाले, "दहाला दोन किलो कमी भरतंय. माप नीट द्या, न्हाईतर तहसीलला जाईन."

*

मॅडमनं यादी दिली होती. साखर बंद, भात बंद, एका वेळी एकच चपाती, बाकी वरण आणि भाजी. मी वही केली आणि तोंडात गेलेलं सगळं लिहायला लागलो. चहासुद्धा बिनसाखरेचा. पहिल्या सोमवारी एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या सोमवारी एकशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्या सोमवारी एकशे एकोणपन्नास.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "विष्णू, खरं सांगा. काहीतरी लपवताय तुम्ही."

मी म्हणालो, "न्हाई मॅडम. वहीत सगळं हाय."

"दिवसभर काय करता?"

"चारा तोलतो."

"तोलताना तोंडात काही असतं का?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात गोरख शेजारून ओरडला, "मॅडम, त्याला उसाचं इचारा."

त्या वर्षी चारा म्हणजे ऊसच होता. कारखान्याला जायचा तो छावणीला यायचा. तोलता तोलता मी एखादं कांडकं सोलायचो. दिवसाला सहा-सात टिपरी तरी होत असतील.

"ऊस खाता?" मॅडम म्हणाल्या. "मग वहीत का लिहिला नाही?"

मी म्हणालो, "मॅडम, त्यो चारा हाय."

मग मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "विष्णू, इथून पुढं जनावरांचं खाऊ नका."

फोन स्पीकरवर होता आणि समोर रांग होती. पुढं कितीतरी दिवस मी उसाला हात लावला की मागून कुणीतरी मॅडमची आठवण करून द्यायचं. ते मी हसण्यावारी नेलं. पण कौसाकाकू हसल्या नव्हत्या. त्यांची एकच गाय होती. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या होत्या, "म्हणूनच माझ्या गायीला रोज कमी भरतंय." मी त्यांना कधी एक कांडकं कमी दिलं नव्हतं. पण ते त्या रांगेत सांगायला मला तोंड उघडता आलं नाही.

*

ऊस सुटला आणि आकडा उतरायला लागला. ऑपरेशनआधीचे शेवटचे पंधरा दिवस नुसतं पातळ. डाळीचं पाणी, ताक मिळालं तर ताक, आणि मॅडमनं सांगितलेली डब्यातली प्रोटीनची पावडर. बप्पांनी पावडरीचा वास घेतला आणि डबा परत दिला. "सरकी पेंड बरी," म्हणाले.

त्याच दिवसांत सोसायटीच्या चेअरमनचा वाढदिवस आला. छावणीतच पंगत ठरली. बुंदी, भात, वांग्याची भाजी. गोरखनं बुंदीची बादली माझ्या हातात दिली. म्हणाला, "सगळ्या गावात ह्यो एकटाच हाय, जो वाढताना मधीच तोंडात टाकणार न्हाई."

खरंच होतं ते. पोटात डाळीचं पाणी, डोळ्यापुढं अंधारी आणि हातात बुंदी. चकलांब्याहून आलेला एक पाहुणा बसला होता. त्यानं बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, "दुष्काळात सगळ्यांचं कुठं जातंय त्ये कळलं बघ आज."

मी त्याला दोनदा वाढलं.

पुढच्या सोमवारी काट्यावर एकशे छत्तीस आलं. बप्पांनी स्वतः वाकून आकडा वाचला, कारण गोरखवर त्यांचा विश्वास नव्हता. त्याच आठवड्यात माझं ऑपरेशन झालं. जठर मुठीएवढं ठेवलं.

*

महिनाभर घरी पडून मी परत काट्यावर आलो. खाणं चमच्यानं मोजून. तीन चमचे मऊ वरण-भात, प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही. घासभर जास्त झालं की बाहेर.

कौसाकाकूंची गाय व्यायली. छावणीत पहिल्यांदाच काहीतरी चांगलं झालं होतं. त्यांनी मला, गोरखला आणि बप्पांना जेवायला बोलावलं. खरवस केला होता आणि ज्वारीच्या भाकरी. ज्वारी त्यांनी कुठून आणली ते कुणी विचारलं नाही. माझ्या ताटात अख्खी भाकरी पडली.

"काकू, मला जमणार न्हाई," मी म्हणालो.

"कावून? आमच्या हातचं चालत न्हाई का?"

"तसं न्हाई."

"मग खा की. त्या दिवशी मी बोलले त्ये मनात धरलंस काय?"

आता ताट सारलं असतं तर ते मनात धरलं असंच झालं असतं. मी खाल्लं. अर्धी भाकरी गेली आणि छातीत बोळा अडकल्यासारखं झालं. उठून उसाच्या ढिगामागं गेलो आणि सगळं बाहेर आलं. वळून बघतो तर काकू तांब्या घेऊन मागं उभ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. खाली बघत होत्या.

"मला सांगायचं व्हतंस," त्या म्हणाल्या. "भाकरी वाया गेली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्यात बांधून एक चानकी आणली. लहान लेकरांसाठी थापतात तेवढी, तळहातापेक्षा छोटी. दुधात भिजवलेली होती. बप्पा म्हणाले, "घे. सव्वीस वर्षांचं लेकरू."

*

छावणी सुरू झाली तेव्हा पेपरचा एक फोटोग्राफर आला होता. त्यानं जनावरं उभी केली, माणसं उभी केली. मी काट्यावर बसलो होतो. तो हात हलवून मला म्हणाला, "दादा, तुमी जरा बाजूला सरका. दुष्काळाचा फोटो हाय."

मी सरकलो. सरकायला मला वेळ लागायचा, तेवढा वेळ सगळे थांबले.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी तोच परत आला. तोवर माझे चाळीस किलो गेले होते. गाल आत, गळ्याची कातडी लोंबती, केस झडलेले, जुना शर्ट अंगावर पिशवीसारखा. त्यानं मला ओळखलं नाही. खांद्याला धरून गोठ्यापुढं नेलं आणि म्हणाला, "तुमी असे पुढं या. बैलाच्या शेजारी."

मी म्हणालो, "साहेब, माझं ऑपरेशन झालंय, त्यानं बारीक झालोय."

तो म्हणाला, "असू द्या, असू द्या. खाली बघा."

फोटो छापून आला. चेअरमननं तो कापून सोसायटीच्या भिंतीला लावला आणि त्यावर छावणीला मुदतवाढ मागितली. मुदतवाढ मिळाली. गोरख म्हणाला, "तुझ्या पोटावर चारशे जनावरं जगली बे." फोटोखाली माझं नाव नव्हतं. 'दुष्काळग्रस्त' एवढंच होतं.

*

बप्पांनी चौसाळ्याला माझ्यासाठी स्थळ काढलं. दोन वर्षांपूर्वी त्याच घरानं मला न बघताच नाही म्हटलं होतं. मुलीचे वडील म्हणाले होते, एवढ्या माणसाला आमची पोरगी रांधून रांधून मरेल.

आता बघायला गेलो. पोहे आले. मी तीन चमचे खाल्ले, चावून चावून, आणि बशी खाली ठेवली. मुलीच्या वडिलांनी बशीकडं बघितलं.

"तिखट झाले का?"

"न्हाई, चांगले हायेत. मला एवढंच चालतं." मग सगळं खरं सांगावं म्हणून मी सांगितलं. जठर कापलंय, मुठीएवढं राहिलंय, आयुष्यभर असंच थोडं थोडं खायचंय, गोळ्या रोज.

मुलगी दाराशी उभी होती. ती आत गेली. तिचे वडील बप्पांना म्हणाले, "आतून कापलेला माणूस. उद्या काय झालं तर? आमी न्हाई देऊ शकत."

बप्पा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "आदी लई व्हता म्हणून नको. आता कमी हाय म्हणून नको. तुमाला किती किलोचा जावई पाहिजे त्यो आकडा तरी सांगा. पोरगं काट्यावरच बसतंय."

मुलगी मला आवडली होती.

*

छावणी उठायच्या महिनाभर आधीची गोष्ट. रात्री चाऱ्याची राखण म्हणून मी छावणीतच राहायचो, घरी जाणं कमीच व्हायचं. आई दुपारी डबा घेऊन यायची. तीन वाट्या, प्रत्येकीत दोन-दोन चमचे.

पूर्वी माझं घोरणं टँकरपर्यंत ऐकू जायचं. गोरख म्हणायचा, जनरेटर चालू झाला. वजन उतरलं तसं ते हळूहळू गेलं. डॉक्टर तपासून म्हणाले होते, श्वास आता थांबत नाही, अगदी शांत झोप लागते. मला ते आईला सांगायचं सुचलंच नव्हतं.

त्या दिवशी उन्हाचा मी उसाच्या ढिगामागं सावलीला आडवा झालो आणि डोळा लागला.

थोबाडीत बसली म्हणून जाग आली. आईचा हात होता. दुसरी बसली. मी उठून बसलो तरी तिसरी बसली. आई घामानं भिजली होती. मागं बप्पा उभे होते, कौसाकाकू होत्या, टँकरवाला होता. गोरखच्या हातात पाण्याची घागर होती आणि तो चक्क रडत होता. आईच्या हाका ऐकून सगळे धावत आले होते.

"अगं आई, झोपलोय मी," मी म्हणालो. "काय झालं?"

"अण्णाबी असेच निपचित पडले व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, आज बरी गाढ झोप लागलीय, झोपू द्यावं. दिवस मावळेपर्यंत मी त्यांच्या भाकरी झाकून बसले."

गोरखनं घागर खाली ठेवली.

मी तिचा हात धरला. म्हणालो, "आई, आवाज येत न्हाई म्हणजे मी बरा झालोय. डॉक्टरनं तपासलंय. बरा झालोय मी."

आई म्हणाली, "त्ये डॉक्टरला कळतंय. मला कसं कळावं?"