बाथरूमच्या दाराची कडी

आमच्या ऑफिसातला एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर मायदेशी परतताना मला डीव्हीडींचा एक खोका देऊन गेला. त्यात एक जुना कृष्णधवल फार्स होता. मूळ रंगभूमीवरचा, त्यामुळे सिनेमा होऊनही तो एका दिवाणखान्यातून फारसा बाहेर पडतच नव्हता. चार दारं, एक थापाड्या नवरा आणि चुकीच्या घरात शिरलेला एक पाद्री. एक दार बंद झालं की दुसरं उघडायचं. हसून हसून मी सोफ्यावरून खाली पडायचा बाकी होतो. बायको शेजारी मटार सोलत होती. म्हणाली, "इंग्रजी कळतं हो मला. पण हसू नाही येत."

तिला हसवायचंच म्हणून मी तो मराठीत आणला. मस्कतच्या आमच्या मंडळाचा कार्यक्रम तीन महिन्यांवर होता. दिवाणखाना पुण्याचा झाला. बायको आजारी आहे असं खोटं सांगून रजा घेणारा नवरा मी. पाद्र्याचे झाले गुरुजी. ते सत्यनारायणाला म्हणून भलत्याच फ्लॅटमध्ये येतात आणि नवरा त्यांना बाथरूममध्ये कोंबतो.

दारं बनवायला मस्कतजवळच्या बरक्याहून एक सुतार आला. रत्नागिरीकडचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा. दर शुक्रवारी तालमीला यायचा आणि कोपऱ्यात बसून दारं आपटताना बघायचा. गुरुजी करणाऱ्या गृहस्थांची अचानक बदली झाली, तेव्हा तो भीतभीत म्हणाला, "साहेब, मी करून बघू? गावच्या नमनाच्या खेळात मावशी करायचो मी."

त्याने काही विशेष केलं नाही. नुसता आत आला, सोवळं सावरलं, चपला कुठे काढाव्यात म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी त्या काखेत मारल्या. तालीम बघायला आलेली माझी बायको हसली. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, असं. बारा वर्षांच्या संसारात तिला तसं हसलेलं मी फार तर चारदा पाहिलं असेल, आणि त्यातल्या एकाही वेळी कारण मी नव्हतो.

पुढच्या शुक्रवारपासून त्याच्यासाठी डबा निघू लागला. "एकटाच राहतो तिकडे," ती म्हणाली. थालीपीठ, वर लोणी. मी डबा उघडून बघायचो आणि झाकण पुन्हा घट्ट लावायचो. त्याची वाक्यं मी एकेक करून कापली. "लांबतंय," असं म्हणायचो. तो मान डोलवायचा आणि उरलेल्या दोन शब्दांत आधीपेक्षा जास्त हशा घ्यायचा.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचा हॉल भरला होता. पहिल्या अंकात तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मी घसा फोडून बोलत होतो. लोक मात्र माझ्याकडे नाही, दारांकडे बघत होते, तो आता कुठून येईल म्हणून. दुसऱ्या अंकात तो बाथरूममधून चिंब भिजून बाहेर यायचा होता. मी त्या दारापाशीच उभा होतो. दाराला बाहेरून खरी कडी होती, त्यानेच बसवलेली. मी पाठ दाराला टेकली, हात मागे नेला आणि कडी घातली.

आतून टकटक झाली. मी मनचं एक वाक्य फेकलं, "नळ फार वाजतो हो आमचा!" दोघं-तिघं हसले. मग शांतता. पुन्हा टकटक. मी दाराला तसाच टेकून राहिलो. माझ्या बायकोचं काम करणाऱ्या बाई माझ्याकडे टकमक बघत राहिल्या.

आणि दिवाणखान्याच्या खिडकीचा पडदा हलला. आधी एक ओला पाय आला, मग बादली, मग अडकलेलं धोतर, आणि मग तो. "यजमान," तो हात जोडून म्हणाला, "सत्यनारायण पावला, कडी नाही पावली."

हॉल अक्षरशः कोसळला.

पडदा पडल्यावर दिसलं, त्याची नडगी सोलवटली होती. सगळ्यांदेखत तो माझ्याकडे आला. "माफ करा साहेब. कडी माझीच सैल राहिली. आपोआप पडली असणार."

"चालायचंच," मी म्हणालो.

गाडीत बायको म्हणाली, "मी पहिल्या रांगेत होते. तुमचा हात दिसला मला."

मी गाडीचा आरसा नीट केला.

"डब्यामुळे?"

"तू हसलीस म्हणून."

"मग काय, विचारून हसायचं?" ती म्हणाली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन दिवसांनी मी ऑफिसातून लवकर निघून बरक्याला गेलो. तो वर्कशॉपमध्ये दाराला रंधा मारत होता. मी एका दमात सांगून टाकलं. त्याचा हात थांबला नाही.

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "कडी मी तीनदा तपासली होती."

"मग चूक स्वतःवर का घेतलीस?"

"सोहारच्या मराठी मंडळाकडचा प्रयोग बाकी आहे ना. दोघांत वाकडं असलं की दारं वेळेवर उघडत नाहीत, साहेब." त्याने भुसा फुंकला. "पण खिडकीतनं जास्त हसले. तसंच ठेवूया. तुम्ही कडी लावत जा."

तो मला रागावला असता तर बरं वाटलं असतं.

सोहारला मी ठरल्याप्रमाणे कडी घातली, या वेळी सगळ्यांना दिसेल अशी. हशा आधीपेक्षा मोठा झाला. प्रयोगानंतर तिथल्या मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले, माझा हात धरून म्हणाले, "लेखक तुम्हीच ना? ती कडीची आणि खिडकीची कल्पना काय सुचली हो तुम्हाला!"

तो चार हात अंतरावर गुडघे टेकून चौकटीचे खिळे उपसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. हे त्याचं, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी म्हणालो, "सुचली खरी."

अध्यक्षांनी मग त्यालाही विचारलं, "काय गुरुजी, खरं ना?"

तो वर न बघता म्हणाला, "साहेबांचीच कल्पना," आणि पुढच्या खिळ्याला हातोडी लावली.