ओटा नंबर सतरा

बसायची लाज गोजराला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अहो, बसणं हाच तर तिचा धंदा. शिरवण्याच्या हिरामणची ही बायको. रोज सकाळी खाडीतलं मावरं पाटीत घालून वाशीला यायची आणि डेपोच्या रस्त्याला भुईवर बसकण मारायची. पुढ्यात विळी, विळीच्या पाटावर उजवा पाय, बाजूला कोलंबी, बोईट, नशीब असेल त्या दिवशी चिंबोऱ्या. तोंडाचा पट्टा असा चालायचा की पलीकडच्या रांगेतली माणसं बस सोडून हिच्याकडे वळून बघायची. कुणी बाई मासा उचलून उलटसुलट करायला लागली, की गोजरा विचारायची, मुलगी बघायला आलीस का मासा घ्यायला? बाई हसायची आणि मासा घ्यायची. कधी नाही घेतला तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, तोही भर रस्त्यात, मोकळ्या गळ्याने.

लग्न होऊन शिरवण्यात आली तेव्हा हिरामणचं भाताचं शेत होतं आणि मिठागरात दोघांनाही काम होतं. मग शहर आलं. शेत गेलं, मिठागर गेलं. हिरामण ओसरीवर जाळी विणत बसला आणि घर गोजराच्या पाटीवर आलं. तिने त्याचा कधी बाऊ केला नाही. नवी माणसं आलीत तर त्यांना पोटंही असणार, एवढा सरळ तिचा हिशेब.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. भुईवर बसणाऱ्या बाईला माणसं दिसतात ती घोट्यापर्यंत. गोजराला सगळी वाशी पायांनी ठाऊक होती. जोडव्यांची बाई, भेगांची बाई, नखं रंगवणारी, बुटांतला बँकवाला. आणि एक होती दोनदा शिवलेल्या चपलेची. डाव्या चपलेचा अंगठा तिने एकदा काळ्या दोऱ्याने शिवून घेतला होता, एकदा तपकिरी. ती दर बुधवारी कोलंबी न्यायची, जास्त बोलायची नाही, बोटाने दाखवायची. पाच वर्षांचं गिऱ्हाईक. तिच्यासाठी गोजरा मोठी मोठी कोलंबी फडक्याखाली झाकून ठेवायची. त्या चपलेच्या वर कोण राहतं, हे बघायची गरज कधी पडली नाही. पायाकडे बघायचं, मग मावऱ्याकडे बघायचं, झालं.

चौऱ्याऐंशी साली नवं शहर वसवणाऱ्या कचेरीने सेक्टरात नवं मार्केट बांधलं. वर पत्रा, खाली नळ, आणि पांढऱ्या टाइल्सचे कमरेइतके उंच ओटे. रस्त्यावरच्यांना ओटे मिळणार आणि रस्त्यावर बसायला बंदी होणार, असं ठरलं. ओटा ज्याच्या नावाचा त्यानेच बसायचं. तपासणीला तीन वेळा माणूस ओट्यावर दिसला नाही तर ओटा रद्द, यादीतल्या पुढच्याला. गोजराला सतरा नंबर लागला. शिरवण्यात तिने पेढे वाटले.

पासासाठी फोटो लागत होता. फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि म्हणाला, मावशी, इकडे बघा. बघायचं कुठे? एवढ्या उजेडात एक परका बाप्या एक डोळा मिटून आपल्यालाच निरखतोय, हे काय बघणं झालं? खटका दाबला की गोजराची मान आपोआप खाली जायची. दोनदा झालं, तीनदा झालं. शेवटी तो वैतागला आणि जो आला तो फोटो त्याने दिला. त्यात वाकडा भांग होता, केसांतली वेणी होती, नाकाचा शेंडा आणि नाकपुडीवरची फुली होती. बाकी गोजरा नव्हती. कारकुनाने न बघता तोच पासावर डकवला.

पहिल्या दिवशी ती ओट्यावर चढली, पाटी मांडली, विळीवर पाय ठेवला. आणि तिथेच सगळं बिनसलं.

समोर तोंडं होती. नुसती तोंडं. डोळे, चष्मे, मिशा, कुंकवं, सगळी तिच्या नाकासमोर, आणि सगळी तिच्याकडे बघणारी. पाय कुठेच दिसेनात. उलट दिसत होते ते तिचेच पाय. मिठागरात राबून भेगाळलेले, मावऱ्याच्या पाण्याने पांढरे पडलेले तिचे पाय त्या पांढऱ्या टाइल्सवर लोकांच्या पोटासमोर मांडून ठेवल्यासारखे होते. एवढी वर्षं ती लोकांचे पाय बघत आली, आता लोक तिचे बघत होते. तिने लुगडं ओढून पाय झाकले, तर विळी धरता येईना. विळी धरली, तर पाय उघडे. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. कुणाला मारायची हाक? यातलं ओळखीचं कोण आणि परकं कोण?

शेजारच्या अठरा नंबरला नूरी बसायची, उरणकडची, सुके बोंबील आणि सुकट घेऊन. ती पहिल्या दिवसापासून राणीसारखी बसली होती. तिने गोजराची चुळबूळ पाहिली.

"लोक मासली बघतात, गोजराबाय," ती म्हणाली. "तुला कोण बघतंय?"

पटलं. अगदी पटलं. तरी मान काही वर होईना. दुपारी एक चष्मेवाली बाई समोर येऊन उभी राहिली, हसली, म्हणाली, ठेवलीय ना माझी? आवाज ऐकल्यासारखा वाटत होता, पण पत्र्याखाली सगळेच आवाज घुमत होते, आणि गोजरा आधीच भांबावलेली. ती म्हणाली, काय ठेवलीय? चष्मेवालीचं हसू गेलं. ओटा मिळाल्यावर ओळख गेली वाटतं, असं काहीसं पुटपुटून ती वळली आणि चालू लागली. दूर गेल्यावर कुठे गोजराला तिचे पाय दिसले. डावी चप्पल. काळा दोरा, तपकिरी दोरा.

गोजराला वाटलं, ओट्याने आपल्याला गिळलं तर बरं. फडक्याखाली कोलंबी तशीच होती.

घरी तिने हिरामणला सांगायचा प्रयत्न केला. पण सांगणार काय? मला बसता येत नाही? हिरामण जाळं बाजूला ठेवून हसतच सुटला. भर रस्त्यात कंडक्टरशी भांडणारी तू, तुला बसायची लाज वाटते, असं गावात सांगू नको म्हणाला. गोजरालाही तेच कोडं पडलं होतं. बाई तीच, मावरं तेच, गिऱ्हाईक तेच. तीन फूट उंचीने माणसाचं असं काय बदलतं?

सकाळी तिने आपल्यापरीने तोडगा काढला. पाटी ओट्यावर ठेवली आणि स्वतः ओट्याच्या पायथ्याशी भुईवर बसली. काय हायसं वाटलं! पाय दिसायला लागले, आवाज परत आला, दोन किलो बोईट तासाभरात खपलं. तेवढ्यात करकरीत काळे बूट येऊन थांबले. कचेरीचे धर्मराज साहेब, तपासणीला. त्यांनी वहीत बघितलं, ओट्याकडे बघितलं आणि लिहिलं, सतरा नंबर गैरहजर.

"मी हय हाय ना, साहेब," गोजरा खालून म्हणाली.

"तुम्ही आहात, बाई. ओट्यावर कोणी नाही."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या वहीत तेवढाच रकाना होता. पण गोजराला काही केल्या उमजेना. आपण हजर आणि गैरहजर एकाच वेळी कसे? दुसऱ्या आठवड्यात ती धीर करून सकाळपासून वर बसली. घामाने निथळली, गोणपाटाने पाय झाकले, डोळे मावऱ्यावर खिळवून ठेवले. दुपारी जरा पाठ मोकळी करावी म्हणून खाली उतरली, नळापर्यंत गेली, आणि नेमके काळे बूट आले. सतरा नंबर, गैरहजर. दुसऱ्यांदा.

आता एकच तपासणी उरली. रस्त्यावर गाडी फिरायला लागली होती, भुईवर बसलेल्यांच्या पाट्या उचलून न्यायची. म्हणजे ओटा गेला की धंदा गेला, आणि धंदा गेला की घर गेलं. हिरामणचं हसू बंद झालं. त्याने तिला ओसरीच्या कट्ट्यावर बसवून सराव घेतला. स्वतः समोर उभा राहिला, म्हणाला, बघ माझ्याकडे. बावीस वर्षांचा संसार, पण गोजराला त्याच्याकडेही बघवेना. दोघंही गोंधळून आत गेली.

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी, बुधवार होता, ती उजाडताच ओट्यावर चढली आणि काही झालं तरी उतरायचं नाही असं ठरवून बसली. दहाच्या सुमाराला धर्मराज साहेब आले. ओट्यावर बाई बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोनदा ओटा रिकामा आणि आज अचानक बाई? त्या दिवसांत काहीजण ओटे बाहेरच्यांना भाड्याने देत, तपासणीपुरतं कुणालातरी बसवत. त्यांनी पास मागितला. फोटो बघितला, गोजराकडे बघितलं, परत फोटो बघितला.

"ही तुम्हीच कशावरून?"

गोजराच्या तोंडचं पाणी पळालं. आपणच आपण आहोत, हे कशावरून सांगायचं? नूरी म्हणाली, मी सांगते ना साहेब, हीच ती. पण ओटेवाल्या एकमेकींना सांभाळून घेतात, असं म्हणून साहेबांनी ते धरलं नाही. कुणी गिऱ्हाईक ओळखतं का, म्हणाले. नूरीकडे सुकट घ्यायला पहिल्या दिवशीची ती चष्मेवाली थांबली होती. गोजराने त्या दिवशीची हळहळ नूरीला सांगितली होती, तिने चष्मेवालीला पुढे केलं. या बाई पाच वर्षं हिच्याकडून घेतात, विचारा.

चष्मेवालीने गोजराच्या तोंडाकडे नीट बघितलं. बघत राहिली. मग अवघडून म्हणाली, "घेते खरी. पण चेहरा... नक्की नाही सांगता येणार."

गोजराला आधी राग आला, मग कळलं की रागवायला जागा नाही. आपण तरी हिला ओळखलं होतं का? ती ओट्याच्या कडेवरून वाकलीही नाही, मावऱ्याकडे बघतच म्हणाली, "बाय, तुजे डाव्या चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला हाय. एक दोरा काला, एक तपकिरी."

सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. साहेबांची, नूरीची, वाटेने जाणाऱ्या दोघांची. चष्मेवालीचं तोंड लाल झालं. तिने डावा पाय पटकन साडीच्या आत ओढून घेतला आणि तशीच एका पायावर भार देऊन उभी राहिली. मग तिने साहेबांच्या हातातला पास घेतला. फोटो जवळून बघितला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "जरा मान खाली घाला."

गोजराने घातली. मान खाली घालणं तिला कुठे जड होतं? चष्मेवाली ओट्याला खेटून आली, टाचा उंचावून तिच्या डोक्याकडे वरून बघितलं. वाकडा भांग, वेणी, नाकाचा शेंडा, फुली.

"ह्याच," ती म्हणाली. "अगदी ह्याच. आम्ही ह्यांना अशाच बघतो."

धर्मराज साहेबांनी फोटो त्या मानेशी ताडून पाहिला. जुळला. त्यांनी वहीत हजर लिहिलं, फोटो बदलून घ्या, चेहरा दिसला पाहिजे, असं बजावलं आणि अठरा नंबरकडे सरकले. ओटा राहिला. गोजराच्या डोळ्यांतून पाणी टपकत होतं, टाइल्सवर पडत होतं. आनंदाचं होतं की अपमानाचं, तिचं तिलाच कळेना. मान अजून खालीच होती. वर करायचं कुणी सांगितलं नव्हतं.

"आता वर बघू?" तिने विचारलं.

"बघा ना, मावशी."

गोजराने मान वर केली. समोर एक बाई होती. तिशी उलटलेली, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, गालावर तीळ, डोळे थोडे ओले. पाच वर्षं आपण मोठी कोलंबी हिच्यासाठी झाकून ठेवतोय, आणि ही अशी दिसते होय! दोघींनाही कुठे बघावं ते समजत नव्हतं. पण या खेपेला गोजराने नजर काढली नाही.

"तुजा नाव काय गो, बाय?"

"स्मिता," ती म्हणाली, आणि साडीआड ओढलेला पाय तिने हळूच खाली टेकला.