तारेखालचा आवाज

सरकार ऐकतंय म्हणून तुम्ही कधी आवाज खाली आणलाय? परवा मुखेडच्या रस्त्यावर तारायंत्राच्या तारेचा जुना खांब उपटून ठेवलेला दिसला. तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मी पुन्हा बारा वर्षांची झाले.

तशाच खांबाला कान लावून मी बांधावर उभी होते. आत वारं गुणगुणत होतं. आजोबा हसले, "निजामाच्या काळात खांब आले, तवा माणसं याच्याखाली कुजबुजायची. तार समदं ऐकती अन् हैदराबादला सांगती म्हणं!"

"मग मी बोलू?"

"बोल की, लई मोठ्यानं!"

सातवीनंतर माझी शाळा बंद करायचं घरात ठरत होतं. मी ओरडले, "मला नांदेडला शिकायचंय!"

पलीकडे पिकात कोळपणारे माझे वडील थांबले. "हैदराबादला नको सांगू बाई, मला ऐकू आलं." जूनमध्ये त्यांनीच मला एसटीत बसवलं.

तेव्हा त्या कुजबुजीचं हसू आलं होतं. आज कळतं, ती माणसं अडाणी नव्हती. तार हुकूम घेऊन यायची, रयतेचं म्हणणं कधी नेत नव्हती.

तुमच्या घरी शाळा बंद व्हायच्या बेतात असलेली मुलगी असेल, तर आजच तिला विचारा, पुढं काय शिकायचंय. आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका.