बाबांचं लायसन्स आणि गांजाचं राज्य

आमच्या घरी गांजा हा शब्द फक्त गाडीत उच्चारता येतो, तोही काचा वर करून. दुबईतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आणि इथला कायदा इतका कडक, की आईला नुसत्या शब्दाचीही धास्ती. म्हणून त्या शनिवारी मावशीकडे अबुधाबीला निघालो, तेव्हा गाडी हायवेला लागेपर्यंत बाबांनी विषय काढला नाही.

मग म्हणाले, "धाकटी त्या राज्यात जाणार नाही. खलास."

ते राज्य अमेरिकेतलं. मी तिथेच शिकले. गांजा उघडपणे, नियम लावून दुकानात विकला जावा म्हणून तिथे दारोदार पत्रकं वाटली. मला तिथे मतदानाचा हक्क नव्हता, तरी वाटली. कायदा झाला. आता धाकट्या बहिणीला तिथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि होकार कळवायचा हा शेवटचा दिवस. दुसरा प्रवेश शेजारच्या राज्यात होता, जिथे अजून बंदी आहे. बाबांना बंदी हवी होती. धाकटी माझ्या शेजारी फोनवर होकाराचं पान उघडून नखं खात होती.

"बंदी आहे म्हणजे गांजा नाही, असं नसतं बाबा," मी सुरू झाले. "विकणारा कोण, त्यात काय मिसळलंय, काही कळत नाही. दुकानात वय बघतात. एकविसाच्या आतल्याला दारातूनच परत पाठवतात. आणि खिशात चिमूटभर सापडला म्हणून कुणाला तुरुंगात..."

"भाषण नको. तू ओढतेस?"

"नाही."

"मग एवढा पुळका कशाला?"

हेच मला तिथे दारोदारी विचारलं जायचं. जणू तुरुंगाविरुद्ध बोलायला आधी कैदी असावं लागतं! माझं डोकं फिरलं.

"तुमच्या पाकिटात दारूचं लायसन्स आहे ना? इथल्या सरकारनेच वय बघून दिलेलं? मग तिथे वेगळं काय केलंय?"

"अगं, हळू!" आई म्हणाली.

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "लायसन्स आहे म्हणून मी कमी पितो, असं वाटतं तुला?"

आई खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर वाळूशिवाय काही नव्हतं.

"नाही वाटत," मी म्हटलं. "पण प्यालात म्हणून तुम्हाला कुणी उचलून नेत नाही."

"बरं. आता पत्रकात नसलेलं सांग. तुमच्या होस्टेलात एकविसाच्या आतली मुलं ओढायची?"

"ओढायची. मोठी मुलं दुकानातून आणून द्यायची."

"ताई! हूज साइड आर यू ऑन?" धाकटी किंचाळली.

"तुझ्याच. बाबा, शेजारच्या राज्यात माझी मैत्रीण होती. तिच्या मजल्यावरही हेच चालायचं. एकदा ते ओढून एका मुलीला श्वास घेता येईना. पोलीस येतील म्हणून अॅम्ब्युलन्स बोलवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मैत्रिणीने बोलावली. मुलगी वाचली."

पुढच्या पेट्रोल पंपावर बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि पूर्ण मागे वळले. माझ्याकडे नाही, धाकटीकडे.

"तुला कुणी दिलं तर काय करशील?"

तिने नख तोंडातून काढलं. मला वाटलं, आता 'नाही म्हणेन' एवढं म्हण आणि मोकळी हो. मी कोपराने ढोसलंसुद्धा.

"आय डोन्ट नो, बाबा. पण कोणाला त्रास झाला तर आय विल कॉल. जिथे कॉल करायला भीती वाटत नाही, तिथेच जायचंय मला."

बाबा पुढे वळले. स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. आई म्हणाली, "अहो, मावशी जेवायची थांबली असेल."

"थांबू दे." मग आरशात न बघताच ते म्हणाले, "दाब ते बटण. तुझ्या ताईच्या राज्याचं."

धाकटीने दाबलं. पटकन माझ्या खांद्याला डोकं लावून तिने डोळे मिटले. मला अजून बोलायचं होतं, कायद्याबद्दल, तुरुंगात पडलेल्यांबद्दल, कितीतरी. बाबांनी गाडी सुरू केली. ऐकायला कुणीच तयार नव्हतं.