सासूनं लावलेली कोरांटी

२१ नोव्हेंबर २०२१, रविवार. सकाळी थंडी. दळण आणलं. तुळशीला आळं केलं. दुपारी बनाबाईंची हाक आली, "बाई, रानात चला! उगवली की!"

बनाबाई आमच्या घरामागच्या शेताच्या मालकीण. सत्तरीच्या. नवरा लवकर गेला. तीन पोरी आणि ऊस त्यांनी एकटीनं वाढवला. आवाज असा, की नदीपलीकडची म्हैस वळून बघेल. त्यांच्या बांधावर सासूनं लावलेली काटेरी कोरांटीची ओळ होती; दोन शेतांमधली खूण तीच. दर हिवाळ्यात तिची पिवळी फुलं बनाबाई शेजारच्या शेतकऱ्याच्या, बाबासोच्या बायकोला गजऱ्यासाठी द्यायच्या.

जुलैच्या पुरात कृष्णेनं बांधावर वाळू आणून टाकली. कोरांटी गडप. बाबासो म्हणाला, बांध बाभळीला लागून होता. बनाबाई म्हणाल्या, बाभळीच्या दोन सऱ्या पलीकडं, बाबासोच्या अंगाला.

"काकू, रान ढापायला पूर बरा घावला तुमाला!"

"तुझ्या बानं कधी बांध कोरला न्हाय. तू कोरतोयस व्हय?"

बोलणं तुटलं. पण नदीवरची मोटर दोघांत एकच, आणि तीही पुरात बिघडलेली. दोघांनी मिळून बसवल्याशिवाय उसाची लावण होणार नव्हती. वर्ष वाया जायची वेळ आली. बाबासो सरकारी मोजणी आणायला निघाला, तर बनाबाई एवढंच म्हणाल्या, "कोरांटी मरत न्हाय. थांब जरा."

आज जाऊन पाहिलं, तर वाळूतून धुमारे वर आले होते. दोन-तीन फुलंही होती. सगळी ओळ बाभळीला लागून. बाबासोचं खरं होतं.

त्याची बायको चंदना मान खाली घालून उभी होती. बनाबाई कमरेवर हात ठेवून ओळीकडं बघत राहिल्या.

"सासूनं लावल्याली," त्या म्हणाल्या. "तिच्याफुडं माझं कवा चाललं हुतं?"

बाबासोला हसू आवरेना. "काकू, उद्या मोटर बसवूया?"

"उद्या कशाला? आज हात मोडल्यात व्हय तुझं?"

मग काट्याला एक शिवी देत, वाकून त्यांनी फुलं खुडली आणि चंदनाच्या ओंजळीत टाकली. मोटर सुरू झाल्यावर सगळे चिखलाच्या पायांनी माझ्याकडंच आले.

चंदना जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाही, म्हणून पोहे पाचलाच केले. कांदा घातला नाही.