घाबरण्याची नोकरी

हे सगळं असंच घडलं होतं का, याची मला खात्री नाही. वय झालं की आठवणींची डागडुजी आपणच करत राहतो, आणि मग मूळ भिंत कुठली नि गिलावा कुठला ते कळेनासं होतं. पण भुताचा गेम बनवणाऱ्या त्या तीन पोरांचे किस्से साठलेत खरे. ऐकायला माणसं कमी पडली की किस्से साठतातच!

मी मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पत्नी गेल्यावर मुलाने मला दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. मुलगा-सून ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि फ्रिजची घरघर. एकदा शेजारची तन्वी पूजेचा प्रसाद द्यायला आली. बेल वाजली आणि मी असा दचकलो की सोललेले मटार खोलीभर झाले.

"आजोबा," ती मटार वेचत म्हणाली, "तुम्ही किती छान घाबरता, यार!"

माझ्या घाबरटपणाचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तन्वी नोएडात दोन मित्रांबरोबर एक गेम बनवत होती. रिकाम्या सरकारी बंगल्यात अडकलेल्या माणसाचा. ती आवाजाचं काम बघायची, नागपूरचा निखिल प्रोग्रॅमिंग करायचा आणि बीडचा इम्रान खोल्या नि भुतं काढायचा. ही दोन्ही मुलं यूपीएससीसाठी दिल्लीत आली होती. कलेक्टर व्हायचं राहिलं आणि भुतांकडे वळली! त्यांची अडचण एकच होती. गेम तपासायला येणारी मुलं इतके गेम खेळलेली असत, की घाबरतच नसत.

मग मी मेट्रोने नोएडाला जायला लागलो. नियम सोपा होता. सर घाबरले, तर सीन पास.

*

पहिल्याच दिवशी गेममध्ये एक बंद दार आलं. मी टकटक केली आणि थांबलो.

"सर, ढकला ना दार!"

"अरे, लोकांच्या घरात असं कसं घुसायचं?"

पोरं पोट धरून हसली. पुढच्या आठवड्यात तेच दार. मी टकटक केली, थांबलो. या वेळी आतून कुणीतरी तितक्याच सभ्यपणे टकटक केली. मी खुर्चीसकट मागे!

"सीन पास!" निखिल ओरडला.

भीती हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवला. पण चांगला हॉरर गेम माणसाला पळायला नाही, वाट बघायला लावतो, हे मला तिथे कळलं. वाट बघण्याचा माझा सराव दांडगा होता.

*

इम्रानने दोन महिने खपून एक राक्षस केला. लाळ, रक्त, दातांच्या तीन रांगा. मी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हटलं, "याला दाढा दुखत असतील, नाही?"

दुसऱ्या दिवशी काहीतरी बिघडलं आणि राक्षस दिसेनाच. त्याच्या जागी नुसती खुर्ची, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी किंचाळलो!

इम्रान दिवसभर त्या खुर्चीकडे बघत बसला. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "दोन महिने दात घासले मी त्याचे!"

*

भुताने मराठी बोलायचं ठरलं. तन्वी दिल्लीत वाढलेली. तिने लिहिलं, "अच्छा, आलास? चलो, आत ये." भूत कुणाच्या तरी मावशीसारखं वाटायला लागलं. मी भीत भीत सुचवलं, की अंधारातून एवढंच विचारू दे, "जेवलास का?"

तन्वीने ते हळू आवाजात रेकॉर्ड करून ऐकवलं. इम्रान उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

"घाबरलास?" मी विचारलं.

"आई फोनवर असंच सुरू करते, सर. त्यानंतर रिझल्टचं विचारते."

*

एकदा गेम विकत घेऊ पाहणारे एक गृहस्थ आले. सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत पोचले. "सर, आप यहाँ क्या करते हैं?"

"जी, मैं डरता हूँ."

त्यांनी मान डोलावली. "हम सब डरते हैं, सर."

*

पण पुढे पुढे माझी भीती कमी व्हायला लागली. तीन तरुण पोरं शेजारी बसून समोसे खात असताना किती घाबरणार? आणि घाबरलो नाही, तर मला बोलावणार कशाला? या विचाराने झोप उडाली. एकदा खोटं ओरडून पाहिलं. तन्वीने वळूनसुद्धा न बघता म्हटलं, "आजोबा, ओव्हरअॅक्टिंग!"

शेवटचा सीन आला. बंगल्याच्या बैठकीत आपण एकटे, आणि वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं. आपण फाटकाकडे पळत सुटायचं. मी तिथल्या सोफ्यावर बसलो.

"सर, पळा!"

"बसू दे रे जरा. बरं वाटतंय."

"बरं?" इम्रानला कळेना. "सर, वर भूत चालतंय!"

"हो, पण घरात कुणीतरी आहे ना. आता खाली येऊन चहा टाकेल असं वाटतंय."

नियमाप्रमाणे सीन नापास झाला होता, आणि बहुतेक मीही. निखिल स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "ठीक आहे, सर. आज बस."

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. काही दिवसांनी तिघंही बेंगळुरूला गेले. निघताना तन्वी पाया पडायला आली होती. त्या सीनचं काय केलं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. धीर झाला नाही.

बऱ्याच वर्षांनी भाचीचा मुलगा सुट्टीला आला. त्याच्या लॅपटॉपवर तो गेम होता. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. बैठकीची खोली आली, वर पावलं वाजायला लागली, तसा तो पळायला निघाला.

"पळू नकोस. सोफ्यावर बस."

"आजोबा, मरेन मी!"

"बस रे."

तो बसला. पावलं वर फिरत राहिली. मग जिना उतरली. खोलीत कुणी आलं नाही. आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, गॅस पेटल्याचा आवाज आला.

मी त्याला पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावलं, कारण माझ्या कानांवर माझा विश्वास नाही. पण दोन्ही वेळा तसंच झालं. आत चहा उकळतो, आणि ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज येतो. एक, आणि जरा थांबून दुसरा.