भाऊजींचं ‘मग?’

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून जेवढी गुपितं असतील, तेवढी सगळी एका माणसाजवळ सुरक्षित आहेत, आणि त्यांतलं एकही त्याला नीट ठाऊक नाही. हा माणूस म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते, तुम्ही ‘खुर्चीवाले आजोबा’ म्हणायचात.

भाऊजींची सगळी नोकरी खोडदजवळच्या दुर्बिणीवर गेली. शेतांमध्ये उभ्या असलेल्या त्या अवाढव्य तबकड्या तुम्ही पाहिल्या आहेत; तिथे ते वायरमन होते. “लोक दुर्बीण म्हणतात, पण ती बघत नाही, आभाळ ऐकते,” हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, अगदी तो नुसता पत्ता विचारायला थांबलेला असला तरी. निवृत्त झाले त्या दिवशी हार घालणारा प्रत्येक जण त्यांना विचारत होता, “मग? आता काय?” भाऊजींनी तो प्रश्न फार मनावर घेतला. पुढच्याच रविवारी चर्चमधली उपासना संपताच ते पाळकांसमोर जाऊन उभे राहिले. “हातपाय धड आहेत, प्रभूने वेळ दिलाय. काम द्या.”

पाळकांनी कसूर केली नाही. गाणाऱ्यांत घेतलं, तर भाऊजी प्रत्येक कडवं सगळ्यांच्या आधी संपवून इतरांची वाट बघत उभे राहत. शास्त्रवाचन दिलं, तर पानाच्या तळाच्या बारीक टिपाही त्यांनी वाचून काढल्या. दाराशी स्वागताला ठेवलं, तर उशिरा येणाऱ्यांना ते हसून नमस्कार करत आणि मग मनगटावरचं घड्याळ दाखवत. (मला हे आवडे, पण मंडळीत माझ्यासारखं दुसरं कुणी नव्हतं.) शेवटी पाळकांनी त्यांना चर्चपासून जरा लांबचं काम दिलं. आजारी आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांना भेटून यायचं, मग ती आपल्या मंडळीतली असोत की नसोत.

तिथे जाऊन बोलायचं काय, हे काही भाऊजींना सुचेना. पहिल्या घरी अंथरुणावरचे गृहस्थ म्हणाले, “माझे पाय गेले.” भाऊजींच्या तोंडून निरोपाच्या दिवशीचा तो एकच शब्द निघाला, “मग?” “मग काय, सून चहा देते, पण बोलत नाही.” “मग?” असं तीन तास चाललं. तीन तासांनी त्या गृहस्थांनी सुनेला हाक मारून, चहा चांगला झालाय, हे चार वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. भाऊजींना आपलं काम सापडलं.

खुर्ची आली ती त्यानंतर. “लोक पाहुण्याला सोफ्यावर बसवतात, आणि सोफा टीव्हीसमोर असतो,” असं म्हणून ते स्वतःची घडीची खुर्ची बरोबर नेऊ लागले. थेट खाटेजवळ उघडून बसायचे. एकदा आहुप्याच्या एसटीत मुंगीला जागा नव्हती, तर हे गर्दीच्या मधोमध खुर्ची उघडून बसले. कंडक्टर म्हणाला, “पावणं, मी दिवसभर हुबा हाय, आन् तुमी आमदारावानी बसलाय व्हय?” भाऊजींनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहून विचारलं, “मग?” आहुपे येईपर्यंत त्यांना कंडक्टरच्या सासुरवाडीचा सगळा इतिहास कळला होता.

पण वय कुणाला सोडतं? भाऊजींचे कान हळूहळू गेले. ते कुणाला सांगेनात, आणि ‘मग?’ इतका सोयीचा शब्द की दोन वर्षं कुणाला काही कळलंही नाही, असं आम्हांला वाटत होतं. मग नवे पाळक आले. त्यांना शंका आली. उपासनेनंतर ते शांतपणे म्हणाले, “काका, तुमच्या खुर्चीखाली साप आहे.” भाऊजी प्रेमाने म्हणाले, “मग?”

त्याच दिवशी भेटी बंद झाल्या. पाळकांचंही खरंच होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याने ऐकायला कशाला जायचं? तीन आठवडे खुर्ची भिंतीला टेकून राहिली. भाऊजी माझ्याकडे आले, तेव्हा गळ्यातला हार नुकता उतरवून ठेवल्यासारखे दिसत होते. “वहिनी, नोकरीतून निवृत्त झालो ते समजलं. यातूनही?”

मी शिस्तीची बाई. दुसऱ्याच दिवशी त्यांना पुण्याला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. पाळकांनी आनंदाने परवानगी दिली आणि आम्ही घोडेगावच्या पलीकडे पारूबाईंकडे गेलो. या पारूबाई तोंडाने अशा की भाऊजी तिथून कधी दोन तासांच्या आत उठले नव्हते.

“कानात काय वो घातलंय?” त्यांनी विचारलं.

“मशीन! आता तुमच्या चुलीवरचं आधणसुद्धा ऐकू येतंय.”

“आगं बया! मंजी समदं ऐकू येतं?”

“अगदी सगळं.”

“मग मी न्हाई बोलायची. तुमी बहिरं व्हता म्हून तर बोलत व्हते!”

“तुम्हांला ठाऊक होतं?”

“साऱ्या गावाला ठाऊक व्हतं, राव. फकस्त तुमालाच न्हाई, असं वाटायचं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “बाई, लई चांगलं मानूस बिघडवलंत तुमी. सुनंला सांगावं तर ती ऐकती, लेकीला सांगावं तर ती रडती. ह्यो एकच व्हता माझा.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश मशीन काढलं, पारूबाईंना दाखवून शर्टाच्या खिशात टाकलं, खिशाचं बटण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“मग?”

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले, कारण माझे कान शाबूत आहेत. पारूबाई दीड तास बोलल्या आणि शेवटी इतक्या मोठ्याने हसल्या की कोंबड्या पळाल्या.

आता तुम्हांला एक सांगते. त्यानंतर, भाऊजींचं मशीन खिशात आहे असं पाहून, मीही एकदा त्यांच्याशी बोलून घेतलं होतं. रविवारी सकाळी आठला तुमचा फोन येतो; कधी नाही येत. तुमची कामं असतात, तुमच्याकडचं घड्याळ वेगळं, हे मला कळतं. पण ज्या रविवारी येत नाही, त्या रविवारी मी फोन मांडीवर ठेवून चष्मा पुन्हापुन्हा पुसत बसते. एवढंच बोलले होते. त्यांनी “मग?” म्हटलं आणि गेले.

पुढच्या रविवारी सकाळी आठला दारात खुर्ची! म्हणे, घरातली विजेची बटणं तपासायला आलो. तेव्हापासून ते दर रविवारी येतात आणि साडेनऊला आम्ही बरोबर चर्चला निघतो. तुमचा फोन आला की ते व्हरांड्यात जातात. नाही आला, तर बसून राहतात.

गेल्या रविवारी मी विचारलंच, “भाऊजी, त्या दिवशी तुम्हांला ऐकू आलं होतं ना?”

त्यांनी खिशावर हात ठेवला. मशीन आत होतं, बटण लावलेलं होतं. खुर्ची जरा पुढे ओढून ते म्हणाले, “मग?”

मग मी चष्मा खाली ठेवला आणि त्यांना तुमच्याबद्दल सांगू लागले.